यज्दची शेते आणि मुंबईच्या भट्ट्या

पावाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा पोर्तुगीजांपासून सुरुवात होते आणि बिस्किट कंपन्यांपाशी येऊन तो थांबतो. पाव कोणी आणला, कारखाना कधी निघाला, यंत्र कधी आले, एवढ्या नोंदी झाल्या की प्रकरण संपते. पाव भाजणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. तो कुठून आला, येण्यापूर्वी काय करीत होता, त्याची बायकापोरे कुठे राहिली, असे विचारत गेले तर बहुतेक वेळा एकच उत्तर हाती लागते. तो शेतकरी होता. महाराष्ट्रातील बेकरीच्या धंद्याचा मागोवा घेताना आम्हाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. प्रत्येक भट्टीमागे कुठले तरी शेत आहे, आणि भट्टी चालवण्याची रीतही बरीचशी त्या शेतावरूनच आलेली आहे. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांच्या निमित्ताने हे शेत शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एक खुलासा. ‘इराणी’ म्हटले की आपल्याकडे लोक पारशी समजतात. पारशी लोक गुजरातच्या किनाऱ्यावर हजारेक वर्षांपूर्वी आले. आपण ज्यांना इराणी म्हणतो ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. त्यांत जरथुश्त्री होते, तसे शिया मुसलमानही होते. दोघांपैकी बऱ्याच जणांचे मूळ एकाच मुलखात सापडते. तो मुलूख म्हणजे यज्द आणि त्याच्या भोवतालची खेडी.

यज्द हे इराणच्या मध्यभागी, वाळवंटाच्या कडेला वसलेले शहर. वर्षाकाठी तिथे जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशात याच्या कितीतरी पट पडतो, तरी त्याला आपण दुष्काळी म्हणतो. बारमाही नदी नाही. तरीही या मुलखात गहू, जव, डाळिंब, पिस्ता, तुती यांची शेती शतकानुशतके होत आली, ती कनातीच्या जोरावर. ही कनात म्हणजे तंबूभोवतीची कापडी कनात नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणायची, तिला लागलेले पाणी हलक्या उताराच्या भुयारातून मैलोन्‌मैल आणायचे आणि गावाजवळ जमिनीवर काढायचे. भुयार खणायला व साफ ठेवायला वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरे पाडायची. यज्दजवळची जर्चची कनात सत्तर किलोमीटरांहून अधिक लांब आहे. भुयारात उतरून काम करणाऱ्याला मुकन्नी म्हणतात. मुकन्नी पांढरे कपडे घालून उतरत, माती कोसळली तर तेच कफन ठरावे म्हणून, असे सांगतात. २०१६ साली युनेस्कोने इराणमधील अकरा कनातींचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्राच्या वाचकाला ही विद्या अगदी परकी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी गावाला पाणी पुरवण्यासाठी नहर-ए-अंबरी खोदवली, तिचे तंत्र याच घराण्यातले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि आज त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. तिथल्या अठराव्या शतकातील पाणचक्कीवर नळाने आणलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. पाणी, जाते आणि भाकरी यांची ही साखळी यज्दमध्येही होती. यज्दजवळच्या अश्केजर गावी जमिनीखाली, कनातीच्या वाहत्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की आजही पाहायला मिळते.

पाणी मोजके, म्हणून त्याची वाटणी काटेकोर. एका मोठ्या भांड्यात पाणी भरायचे आणि त्यावर तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की वेळेचे एक माप झाले. अशा अमुक मापांपुरते पाणी या शेताला, मग बांध फोडून पुढच्याला. हा हिशोब ठेवणाऱ्याला मीराब म्हणत. पाण्याचा हिस्सा वारसाने मिळे, विकता येई, वक्फही करता येई. पाळी रात्री दोन वाजता आली तर त्या घराने दोन वाजता कुदळ घेऊन शेतात उभे राहायचे. झोपेचे निमित्त चालत नसे.

जमिनीच्या उत्पन्नाची वाटणी कशी होई, याचे वर्णन इंग्रज विदुषी ॲन लॅम्बटन यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. जमीन, पाणी, बियाणे, बैल आणि श्रम असे पाच घटक धरायचे आणि ज्याने जो घटक घातला त्याला त्याचा वाटा, हे त्यामागचे जुने तत्त्व. प्रत्यक्षात वाटण्या गावोगाव निराळ्या होत्या. पण ज्याच्याकडे श्रमाशिवाय काही नाही त्याच्या वाट्याला काय उरत असेल, हे महाराष्ट्रातील कुळांच्या वंशजांना सांगण्याची गरज नाही.

या घरातली भाकरी भाजण्याचे काम बायकांचे. अंगणात मातीचा तनूर असे. कालच्या कणकेतला गोळा आजच्या कणकेत खमीर म्हणून घालायचा. आपल्या ओठांवरचा ‘तंदूर’ हा शब्द त्या तनूरचाच भाऊ. हजरत नूह यांच्या काळातील तुफानाच्या वर्णनात कुरआनमध्ये ‘तन्नूर’ शब्द येतो, आणि भाषातज्ज्ञ त्याचे मूळ त्याहीपेक्षा जुन्या अक्कादी भाषेपर्यंत नेतात. सारांश, यज्दचे शेतकरी कुटुंब पाण्याच्या पाळीपासून तनूरमधल्या रोटीपर्यंतचे सारे काम स्वतः करणारे होते. बियाणे जपणे, रात्री जागणे, हिस्से मोजणे, खमीर राखणे, विस्तव सांभाळणे ही विद्या पोरांच्या अंगात वाढता वाढता मुरे.

मग हे लोक घर सोडून का निघाले? एक कारण निसर्गाचे. १८७० ते १८७२ या काळात इराणमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली, वस्त्या ओस पडल्या. दुसरे कारण माणसांचे, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काजारी राजवटीत जरथुश्त्री प्रजेवर जिझियाचा भार होता. शिवाय पेहराव कसा असावा, कोणत्या वाहनावर बसावे, घर किती उंच बांधावे यावरही बंधने होती. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले. त्यांनी यज्द व किरमानच्या जरथुश्त्रींची हलाखी पाहिली, शिरगणती केली, शाळा काढल्या आणि अनेक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या. त्यानंतर १८८२ मध्ये शाह नासिरुद्दीन याने हा जिझिया रद्द केला. इस्लामी इतिहासाचे उजळ पान आम्ही वर्गात अभिमानाने शिकवतो. हे पानही त्याच पुस्तकातले आहे आणि ते वगळून शिकवणे म्हणजे मुलांना अर्धेच पुस्तक देणे आहे. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की कनात आटली तेव्हा तिने धर्म विचारला नाही. यज्द आणि तफ्तच्या खेड्यांतून मुसलमान शेतकरीही तेवढ्याच नाइलाजाने मुंबईच्या वाटेला लागले.

मुंबईत ते आले तेव्हा पाव तिथे होताच. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात साष्टीच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ही कला आत्मसात केली. यीस्ट मिळत नसे तेव्हा नारळाच्या झाडाची ताडी घालून पीठ फुगवायचे. म्हणजे तिथेही पावाची सुरुवात माडाच्या बागेतच झाली. गोव्याचे पोदेर मुंबईत आले आणि त्यांनी भट्ट्या टाकल्या. भायखळ्याची अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी १९०८ साली निघाली, ती गोव्याच्याच एका कुटुंबाची. पण मराठी समाजाच्या मोठ्या भागात पावाला विटाळ होता. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, अशा कथा कोकण-गोव्यात घरोघर सांगत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद गाजला. पाव-बिस्किटाचा धंदा गोव्याचे ख्रिस्ती, पारशी-इराणी आणि मुसलमान यांच्याकडे राहिला त्याचे एक कारण या विटाळात आहे. ज्या कामाला इतरांनी हात लावला नाही ते काम परक्या मुलखातून आलेल्या शेतकऱ्याला मोकळे मिळाले.

सुरुवातीला अनेक इराणी पारशांच्या घरी नोकर म्हणून राहिले. मग कोणी चहा विकला, कोणी पाव-अंडी विकली, कोणी कोपऱ्यावरचे दुकान धरले. कोपऱ्याची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी घेत नसत म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. धोबीतलावची कयानी ही १९०४ सालची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ ची. पुण्यात डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ मध्ये एका इराणी मुसलमानाने सुरू केले, तर ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी १९५५ ची. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक अजूनही रांग लावतात. एकट्याकडे भांडवल नसे, म्हणून चार-पाच जण भागीदार होत. कोणाची रक्कम, कोणाची जागा, कोणाचे निव्वळ श्रम. ज्यांच्या बापजाद्यांनी पाण्याचे व पिकाचे हिस्से पिढ्यान्‌पिढ्या मोजले होते त्यांना ही भागीदारी शिकवावी लागली नसावी, असे आम्हाला वाटते.

भट्टीचे काम पाहिले तर हे साम्य आणखी पटते. संध्याकाळी मैदा मळायचा, फुगायला ठेवायचा. विटांच्या भट्टीत लाकूड टाकून काही तास विस्तव करायचा. भट्टी तापली की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या फडक्याने फरशी पुसायची आणि लांब दांड्याच्या फळीने माल आत सरकवायचा. पहिल्या कडक आंचेत पाव. आंच उतरू लागली की बिस्किटे आणि नानकटाई. अगदी मंद आंचेवर टोस्ट वाळवायचे, आणि तो टोस्टही बहुधा कालच्या न खपलेल्या पावाचा. कनातीच्या पाण्याचा शेवटचा ओघळ जसा झाडाच्या आळ्यात वळवला जाई, तशी इथे आंचेची शेवटची ऊबसुद्धा कामाला लावली जाते. पहाटे चारच्या सुमारास सायकलींवर लादी पाव लादून फेरीवाले निघतात. रात्रीची पाळी, वेळेचा धाक आणि काहीही वाया न घालवण्याची सवय ही तीनही शेतकऱ्याची लक्षणे आहेत.

एक गोष्ट मात्र या प्रवासात मागे राहिली. यज्दच्या अंगणात तनूर बाईच्या ताब्यात होता. मुंबईच्या भट्टीवर बाई दिसत नाही. घरकाम होते तोवर ती भाकरी बाईची, विकाऊ झाली की पुरुषाची. जगभर असेच घडले आहे. दुकानाच्या पाटीवर बापाचे नाव, मुलांचे नाव, गावाचे नाव आले. ज्या आजीकडून खमीर राखण्याची रीत आली तिचे नाव कुठल्याच पाटीवर आले नाही.

इराणी मालक गल्ल्यावर बसू लागले तसे भट्टीपुढे दुसरे शेतकरी आले. उत्तर प्रदेश-बिहारच्या खेड्यांतून मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आले आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या बेकऱ्या काढल्या. आज मुंबई, भिवंडी, मालेगावपासून तालुक्याच्या गावांपर्यंत बेकरी म्हटले की बहुधा अशाच एखाद्या कुटुंबाचे नाव निघते. हे कुटुंब दोन ठिकाणी जगते. पुरुष भट्टीवर, बायका आणि म्हातारी माणसे गावी बिघा-दोन बिघा जमिनीवर. इथल्या कमाईतून तिथले खत-बियाणे येते, आणि इथे काम थांबले तर तिथला गहू पोटाला आधार देतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी आली की वर्गातील काही बाके परीक्षेच्या तोंडावर रिकामी पडतात. हजेरीपटावर त्याला गैरहजेरी म्हणतात. घरच्यांच्या लेखी ती पाळी असते.

शेतकरी शेतावर राहतो तसा कामगार बेकरीतच राहतो. मैद्याच्या पोत्यांशेजारी झोपतो, तिथेच जेवतो, तिथेच नमाज पढतो. या राहण्याची किंमतही त्याने मोजली आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी मुंबईच्या सुलेमान उस्मान बेकरीत आणि लगतच्या मदरशात पोलिसांच्या कारवाईत निःशस्त्र माणसे मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ही घटना आलेली आहे. १ मार्च २००२ रोजी बडोद्याच्या बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला. खाली भट्टी आणि वर घर असलेल्या त्या इमारतीत चौदा जीव गेले. त्यांत मालकाच्या घरची माणसे होती आणि तीन हिंदू कामगारही होते. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशाने मुंबईत नव्याने चालला. भट्टीवरचे आयुष्य एकत्र होते, म्हणून मरणही एकत्रच आले.

पण त्याच भट्टीने माणसे जोडलीही आहेत. महाराष्ट्रातील असंख्य गावांत ईदच्या आणि दिवाळीच्या आधी बायका घरून रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत घेऊन जातात आणि नानकटाई भाजून आणतात. पत्र्यावर आपल्या मालाची खूण ठेवतात. एकाच भट्टीत शेजारी शेजारी कुणाची दिवाळी आणि कुणाची ईद भाजली जाते. पंचहौद प्रकरणातल्या बिस्किटाने जिथे प्रायश्चित्त मागितले होते, त्याच महाराष्ट्राने शे-सव्वाशे वर्षांत मुसलमानाच्या भट्टीतली नानकटाई लक्ष्मीपूजनाच्या फराळात मांडली. हा बदल कुठल्या परिषदेत ठराव होऊन झालेला नाही. ‘नानकटाई’तला ‘नान’ फारसी आहे, हे त्या फराळाला बसलेल्या कुणाच्या मनातही येत नाही. वडापावाचेही तेच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे मानले जाते. वडा मराठी घरचा, पाव भट्टीचा, आणि खाणारा गिरणी कामगार कोकणातले शेत मागे ठेवून आलेला.

आता प्रश्न आहे तो हे कुटुंबाचे काम टिकेल का याचा. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज काढली आणि यंत्रावर कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव शहरांत आला. २००० साली ती कंपनी सरकारने हिंदुस्थान लिव्हरला विकली. पाव हा लघुउद्योगासाठी राखीव ठेवलेल्या वस्तूंपैकी एक होता. एप्रिल २०१५ मध्ये यादीतील शेवटच्या वीस वस्तू खुल्या झाल्या, त्यांत पावही गेला. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. ती मुदत जुलै २०२५ मध्ये संपली.

या आदेशाला डोळे झाकून विरोध करावा असे आमचे मत नाही. भट्टीचा धूर शहराच्या आधी भट्टीपुढच्या माणसाच्या छातीत जातो. पण भंगारातले लाकूड स्वस्त असते, म्हणून गरिबाचा पाव स्वस्त राहिला, हेही खरे आहे. नवी भट्टी म्हणजे नवे भांडवल, आणि नव्या भांडवलासाठी कर्ज. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने बसलेल्या कुटुंबाला तारणाला काय ठेवता येणार? कनात आटली तेव्हा यज्दच्या शेतकऱ्यापुढे जो प्रश्न होता, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. काम येते, पण साधन हातातून चालले आहे. फरक एवढाच की पाऊस माणसाच्या हाती नव्हता, कर्ज आणि मुदत माणसाच्या हाती आहेत.

त्यात मुलांची गोष्ट वेगळी. इराण्यांची पुढची पिढी शिकली, परदेशी गेली, आणि एकेकाळी मुंबईत शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले आज बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहेत. बेकरी कामगारांची मुलेही भट्टीपुढे उभी राहू इच्छित नाहीत. शिक्षक म्हणून आम्हाला याचे दुःख नाही. मुलाने रात्रभर जागून पीठ मळावे असे कोणता शिक्षक म्हणेल? पण त्यांना आपल्या बापाच्या कामाची लाज वाटावी हे आम्हाला मान्य नाही. लाज वाटते, कारण पाठ्यपुस्तकात त्या कामाला जागा नाही.

तेव्हा निदान नोंद तरी व्हावी. जुन्या बेकऱ्यांच्या वह्या, भागीदारीचे कागद, यज्दहून आलेली पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी जमवली पाहिजेत. साठ-सत्तरीला आलेले कारागीर अजून आहेत. त्यांनी कोणते गाव सोडले, किती जमीन होती, पहिली रात्र कोणत्या भट्टीवर काढली, हे विचारायला मोठे अनुदान लागत नाही. एक वही लागते आणि रात्री अकरानंतर जागण्याची तयारी लागते, कारण त्या माणसांना बोलायला सवड तेव्हाच असते, मळलेले पीठ फुगत असताना.